शुगर ४८, आणि माणूस म्हणतो "मला काही होत नाही"

आधी प्रश्न थोडक्यात. वडील ६७ वर्षांचे, मधुमेहाला १८ वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिक्स इन्सुलिन, जोडीला ग्लिमेपिराइडची गोळी आणि ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर. पूर्वी शुगर उतरली की हात थरथरायचे, घाम फुटायचा आणि ते स्वतःच उठून साखर खायचे. परवा संध्याकाळी सहाला सहज तपासली तर मीटरवर ४८. ते मात्र खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि "मला काही होत नाही" म्हणत होते. घरचे घाबरले. आधी चॉकलेट दिलं, मग पेलाभर रस, लगेच जेवण, आणि रात्रीचं इन्सुलिन चुकवलं. झोपताना शुगर २९०. मीटर चुकलं होतं का, नेमकं काय द्यायला हवं होतं, आणि पुढच्या वेळी ओळखायचं कसं, असे तीन प्रश्न आहेत.

मीटरचा प्रश्न आधी निकालात काढू. चांगल्या मीटरलाही १०० च्या खालच्या आकड्यांत १५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे होण्याची सूट असते. म्हणजे ४८ चा खरा आकडा ३३ ते ६३ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि त्यातला कुठलाही धरला तरी शुगर कमीच होती. बोट धुतल्यावर नीट पुसलं नाही, स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली किंवा पट्टीवर रक्त अपुरं पडलं, तर आकडा चुकतो. उलट फळ कापल्यावर हात न धुता तपासलं तर बोटावरच्या रसामुळे तो खोटाच जास्त दिसतो, आणि ही चूक जास्त घातक, कारण खरी लो शुगर तिच्याआड लपते. शंका आली तर हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटातून पुन्हा तपासा. पण आकडा ५४ च्या खाली असेल तर आधी साखर द्या आणि मग तपासा. मीटर चुकलेलं असेल तर १५ ग्रॅम साखरेने फारसं बिघडत नाही. मीटर बरोबर असेल आणि तुम्ही पट्ट्या बदलत बसलात, तर मात्र बिघडतं.

तेव्हा मीटरपेक्षा काळजी करायला हवी ती "मला काही होत नाही" या उत्तराची. बऱ्याच घरांत त्याचा अर्थ "यांना सवय झाली, यांचं शरीर सोसतं" असा घेतला जातो. तसं नाही. शुगर कमी झाल्याची खबर देणारी यंत्रणा बंद पडत चालली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ही यंत्रणा पायरीपायरीने चालते. मधुमेह नसलेल्या माणसाची शुगर ८० च्या आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं आवरतं घेतं. ७० ते ६५ दरम्यान ग्लुकागॉन आणि अॅड्रिनलिन ही दोन संप्रेरकं सुटतात आणि यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात. ५५ च्या आसपास माणसाला स्वतःला जाणवू लागतं : हात थरथरतात, छातीत धडधडतं, दरदरून घाम येतो, भूक खवळते, ओठांना मुंग्या येतात. ही सगळी अॅड्रिनलिन आणि त्याच्या बरोबरीने जागी होणारी मज्जासंस्था यांची हाकाटी. ५० च्या खाली मेंदूचं काम बिघडायला लागतं : धूसर दिसतं, बोलणं अडखळतं, चिडचिड होते, साधा हिशेब सुटत नाही, आणि आणखी खाली गेल्यावर झटके किंवा बेशुद्धी. म्हणजे निरोगी शरीरात हाकाटी आधी होते आणि मेंदू नंतर अडखळतो. मधल्या वेळात माणूस उठून साखर खाऊ शकतो. सगळा बचाव त्या मधल्या वेळेवर उभा आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांत पहिली पायरी उरतच नाही, कारण टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. ते आपल्या वेळेप्रमाणे काम करत राहतं. टाइप १ मध्ये काही वर्षांत ग्लुकागॉनचा प्रतिसादही जातो. टाइप २ मध्ये तेच घडतं, फक्त उशिरा, स्वादुपिंडाचं स्वतःचं इन्सुलिन आटत जाईल तसं. उरतं एकटं अॅड्रिनलिन. आणि त्याचा खोडसाळ गुण असा की शुगर एकदा उतरून गेली, की पुढचे २४ ते ४८ तास ते उशिरा आणि कमी सुटतं. सोमवारी शुगर ५५ झाली असेल, तर मंगळवारी ५५ ला कदाचित काहीच कळणार नाही, ४५ ला कळेल. असं आठवड्यातून दोन-तीनदा होत राहिलं की खबर मिळण्याचा आकडा घसरत घसरत मेंदू बिघडण्याच्या आकड्याच्याही खाली जातो. मग माणसाला आधी कळत नाही, आणि नंतर कळण्याच्या अवस्थेत तो राहत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत बीटा ब्लॉकरची भर आहे. तो थरथर आणि धडधड दाबतो. घाम मात्र दाबत नाही. त्यामुळे बीटा ब्लॉकर घेणाऱ्या मधुमेहीला कारण नसताना कपाळावर, मानेवर गार घाम दिसला, तर आधी मीटर काढा. ही गोळी मनाने बंद करू नका. हृदयासाठी ती दिली असेल तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना एवढंच विचारा की त्याऐवजी दुसरं काही चालेल का.

ओळखायचं कसं, याचं खरं उत्तर दोन भागांत आहे. रुग्णाने आकड्यावर विश्वास ठेवायचा, अंगातल्या जाणिवेवर नाही. आणि घरच्यांनी माणसाच्या वागण्याकडे बघायचं. वर्तमानपत्राचंच उदाहरण घ्या. माणूस वाचताना दिसतो, पण पान उलटत नाही. नजर एकाच जागी असते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं, पण क्षणभर उशिरा आणि एका शब्दात. शर्टाचं बटण चुकीच्या काजात जातं. एरवी शांत असणारा माणूस "मला काही नको, मागे लागू नका" म्हणून खेकसतो. हा हट्टीपणा त्याचा स्वभाव नसतो, मेंदूला साखर कमी पडल्याची ती खूण असते, म्हणून तिथे वाद घालू नका. "तपासू का?" असंही विचारू नका, कारण उत्तर "नको" येणार. पेला हातात द्या आणि "हे पिऊन टाका" एवढंच म्हणा. कुणी "शंभरातून सात वजा करत जा" अशी परीक्षा घेतात. चुकलं तर शंका पक्की होते, पण बरोबर आलं म्हणून शुगर ठीक आहे असं मुळीच नाही. वयस्कर माणसात तर कधी फक्त चक्कर, तोल जाणं, झोपाळूपणा किंवा एका बाजूचा हात लुळा पडणं एवढंच दिसतं आणि सगळे पक्षाघात समजून धावतात. मधुमेहाचं औषध चालू असलेल्या माणसात पक्षाघातासारखं काहीही दिसलं तर दवाखान्याच्या वाटेवरच बोट टोचून पाहा.

उलट प्रकारही असतो. महिनोन्महिने ३०० च्या घरात राहिलेल्या माणसाची शुगर औषध वाढवल्यावर ११०-१२० ला आली की त्याला थरथर, भूक, कसंतरी होणं असं सगळं होतं, कारण शरीराला तेवढीच कमी वाटते. आकडा ७० च्या वर असेल तर १५ ग्रॅम साखर देण्याची गरज नसते. जेवणाची वेळ असेल तर जेवावं, नसेल तर थोडं काही खावं आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासावं. दोन-तीन आठवड्यांत ही खोटी हाक आपोआप शमते. तपासल्याशिवाय खऱ्या-खोट्यातला फरक कळत नाही, म्हणून मीटर हाताशी नसेल तर खरीच लो शुगर धरून चाला.

आता काय द्यायचं. शुगर ७० च्या खाली गेली, माणूस शुद्धीवर आहे आणि नीट गिळू शकतो, तर १५ ग्रॅम लवकर रक्तात जाणारी साखर. ५४ च्या खाली असेल तर २० ग्रॅम. हे वजनात सांगतोय, कारण "थोडी साखर" या शब्दाचा प्रत्येक घरात वेगळा अर्थ होतो. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते, म्हणजे १५ ग्रॅमसाठी ४ चमचे आणि २० साठी ५, अर्धा कप पाण्यात विरघळवून. फळांचा रस असेल तर साधारण १५० मिली. साखरेचं शीतपेयही तेवढंच, पण डाएट किंवा झीरो लिहिलेलं अजिबात नाही, त्यात साखरच नसते. मध एक मोठा चमचा. ग्लुकोजच्या गोळ्या असतील तर पाकिटावर एका गोळीत किती ग्रॅम ते वाचा. बऱ्याच गोळ्या ४ ग्रॅमच्या असतात, म्हणजे चार घ्याव्या लागतात. सर्वांत खात्रीचं म्हणजे ग्लुकोज पावडर. घरच्या काट्यावर १५-१५ ग्रॅम मोजून सात-आठ पुड्या बांधा आणि एक उशाशी, एक खिशात, एक गाडीत, एक दाराजवळच्या पिशवीत ठेवा. हात कापत असताना आणि डोकं चालत नसताना चमचे मोजावे लागू नयेत, यासाठी ही तयारी.

अकारबोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर फार सावकाश काम करते, कारण साखर फोडणाऱ्या आतड्यातल्या विकरालाच ती गोळी अडवते. अशा वेळी फक्त ग्लुकोजच द्या. औषधांच्या यादीत ही नावं आहेत का, ते आजच बघून ठेवा. मिक्स गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज बऱ्याचदा दडलेलं असतं.

साखर दिल्यावर १५ मिनिटं थांबायचं. घड्याळ लावून थांबायचं. हा भाग सगळ्यांना सगळ्यात जड जातो. साखर पोटातून आतड्यात, तिथून रक्तात आणि मग मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसाला बरं वाटत नाही, म्हणून घरचे आणखी देत सुटतात. १५ ग्रॅम साखरेने शुगर ढोबळमानाने ४० मिलिग्रॅम चढते. म्हणजे ४८ ची ८५-९० होते, आणि ती पुरेशी असते. १५ मिनिटांनी तपासल्यावर अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा, पुन्हा १५ मिनिटं. दोनदा देऊनही वर येत नसेल तर तिसरा डोस देता देता दवाखाना गाठायची तयारी करा. ७० च्या वर आली आणि पुढचं जेवण तासाभराच्या आत असेल तर जेवून घ्यावं. जेवण लांब असेल तर काहीतरी पिठूळ आणि सोबत थोडं प्रथिन असं छोटं खाणं घ्यावं, नाहीतर साखरेचा जोर ओसरल्यावर शुगर पुन्हा उतरते.

तुमच्या घरी परवा नेमकं काय चुकलं ते यावरून कळेल. चॉकलेटात साखर असते, पण चरबीही भरपूर असते. चरबीमुळे पोट रिकामं व्हायला उशीर होतो आणि साखर रक्तात यायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. बिस्किटं, आइस्क्रीम, मिठाई यांचंही तेच. दूधही पहिला उपाय म्हणून नको. पेलाभर दुधात जेमतेम १० ग्रॅम साखर असते आणि तीही हळू उतरते. चॉकलेटने लगेच काही होईना म्हणून पेलाभर रस दिला, त्यातून २५-३० ग्रॅम गेले, लगेच पूर्ण जेवण, आणि मग या सगळ्याला आवरणारं रात्रीचं इन्सुलिनच नाही. २९० होणारच होती. लो शुगर जेवणाआधी झाली असेल तर आधी साखर देऊन आकडा ७० च्या वर आणायचा, मग जेवायचं आणि त्या जेवणाचं इन्सुलिन घ्यायचं. थोडं कमी घ्यायचं का आणि किती, हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बऱ्याचदा १० ते २० टक्के कमी सांगतात. पण आपल्या मनाने पूर्ण चुकवू नका. टाइप १ च्या रुग्णाने तर दिवसभराचं मूळ इन्सुलिन कधीच वगळू नये, तिथे काही तासांत रक्तात आम्ल साठायला लागतं.

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, रस नाही, साखरेची चिमूटही नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर शुगरपेक्षा मोठं संकट ओढवतं. कुशीवर वळवा, हनुवटी जराशी वर करा म्हणजे जीभ मागे पडणार नाही, इन्सुलिन पंप लावलेला असेल तर तो बंद करा, रुग्णवाहिका बोलवा. घरात ग्लुकागॉन असेल तर तेच पहिलं. मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत, २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला त्याच्या निम्मं. नाकात फवारायचं ग्लुकागॉन ३ मिलिग्रॅमचं असतं आणि ते बेशुद्ध माणसालाही चालतं, श्वास ओढावा लागत नाही. १० ते १५ मिनिटांत शुद्ध येते. उलटी होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून कुशीवरच ठेवा. ग्लुकागॉन यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतं. दारू प्यायलेल्या किंवा बराच काळ उपाशी असलेल्या माणसात तो साठाच नसतो, तेव्हा त्यावर विसंबू नका, शिरेतून ग्लुकोज लागेल. दारूचा आणखी एक धोका म्हणजे ती यकृताला नवी साखर बनवू देत नाही, त्यामुळे रात्री घेतलेल्या दारूची लो शुगर दुसऱ्या दिवशी सकाळी येऊ शकते. आणि आजूबाजूच्यांना ती नशा वाटते.

आता तुमच्या वडिलांच्या औषधांतला मुद्दा, आणि या उत्तरात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, या शुगर कितीही असली तरी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतात. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर राहतो, ग्लिबेनक्लामाइडचा त्याहून चिवट. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर औषध आणि इन्सुलिन दोन्ही शरीरातून सावकाश जातात आणि लो शुगर एकदा सावरून दोन तासांनी पुन्हा येते, मग पुन्हा येते, कधी दोन-तीन दिवस. म्हणून या गोळीवर असलेला माणूस बेशुद्ध पडून ग्लुकोजच्या सलाइनने शुद्धीवर आला, तर "बरं वाटतंय" म्हणून त्याला लगेच घरी आणू नका. किमान २४ तास दवाखान्यात दर एक-दोन तासांनी शुगर बघायला हवी. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा अशी उतरत नाही. ग्लिप्टिन किंवा लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्याही एकट्या असताना सहसा नाही. पण इन्सुलिनच्या जोडीला दिल्या की त्याही हातभार लावतात.

६७ वर्षांच्या माणसाला दिवसातून दोनदा मिक्स इन्सुलिन चालू असताना ग्लिमेपिराइडची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा, आणि त्याआधी क्रिएटिनिनची तपासणी करून न्या. क्रिएटिनिनच्या आकड्यावरून, वय धरून, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढतात. ती क्षमता घटली असेल तर इन्सुलिनचा डोसही कमी करावा लागतो. "इतकी वर्षं हाच डोस चालला" हा मुद्दा इथे टिकत नाही, कारण डोस तोच राहिला, मूत्रपिंड तेच राहिलं नाही.

संध्याकाळी सहाची वेळही बोलकी आहे. ३०/७० मध्ये ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के मध्यम गतीचं इन्सुलिन असतं. सकाळी आठला टोचलेल्या त्या ७० टक्क्यांचा जोर दुपारभर, साधारण ४ ते १० तासांच्या दरम्यान असतो. दुपारचं जेवण उशिरा झालं, नेहमीपेक्षा कमी झालं किंवा दुपारनंतर जास्त चालणं झालं, की संध्याकाळी पाच-सहाला शुगर तळाला जाते. हाच हिशेब रात्रीला लावा. रात्री आठला टोचलेलं इन्सुलिन मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत जोरात असतं. त्यामुळे संध्याकाळी लो होणाऱ्या माणसाची रात्री दोन-तीनलाही होत असण्याची शंका घ्यायलाच हवी. झोपेत तर रोजची खबरही कमकुवत पडते. ओली उशी किंवा बनियन, भयंकर स्वप्नं, सकाळी जड डोकं, अंग पिळून निघाल्यासारखा थकवा या त्याच्या खुणा. सलग तीन रात्री तीन वाजता उठून तपासा. एकीही शुगर ७० च्या खाली आली तर दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना कळवा. झोपताना आकडा १०० च्या खाली असेल तर काही न खाता झोपू देऊ नका.

डोस बरोबर असूनही शुगर घसरण्याची काही कारणं टोचण्याच्या पद्धतीत असतात, आणि ती तपासपत्रात दिसत नाहीत. मिक्स इन्सुलिन दुधासारखं गढूळ असतं आणि ठेवल्यावर खाली बसतं. पेन किंवा बाटली तळव्यांत १० वेळा घोळवून आणि १० वेळा सावकाश उलटसुलट करून सगळं एकसारखं पांढरं व्हायला हवं. न घोळवता टोचलं तर एका दिवशी बरंचसं पाणी जातं आणि दुसऱ्या दिवशी घट्ट गाळ. बाटली-सिरिंज वापरत असाल तर दोन्हींवरचा आकडा जुळतो का ते आत्ता उठून पाहा. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या बाटलीसाठी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर २० च्या खुणेला प्रत्यक्षात ५० युनिट जातात, अडीच पट. ही चूक जीव घेऊ शकते, आणि दुकानदाराने वेगळी बाटली दिली त्या दिवशी ती होते.

पोटावर, मांडीवर हात फिरवून बघा. रोज त्याच जागी टोचल्याने चरबीची मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्ण तिथेच टोचत राहतो. गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी उशिरा. मग डोस वाढवला जातो, आणि एके दिवशी चांगल्या जागी टोचलं की तो वाढीव डोस पूर्ण लागू पडतो. गाठी सोडून नवी जागा सुरू करताना डॉक्टरांना सांगूनच करा, कारण डोस तेव्हा खाली आणावा लागतो. सडपातळ माणसात लांब सुई स्नायूत जाते आणि इन्सुलिन फार लवकर चढतं. ४ मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते.

व्यायामाचं थोडक्यात : जास्त चालणं किंवा कष्टाचं काम झाल्यावर शुगर त्या वेळीच नाही, तर पुढे २४ तासांपर्यंत कधीही उतरू शकते, विशेषतः त्या रात्री. नवीन औषधांकडेही लक्ष ठेवा. सल्फोनिलयुरियावर असलेल्याला को-ट्रायमॉक्साझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं किंवा बुरशीवरचं फ्लुकोनाझोल दिलं गेलं तर शुगर अनपेक्षितपणे कोसळू शकते. औषध लिहून देणाऱ्याला मधुमेहाच्या गोळ्यांची यादी दाखवा आणि कोर्स संपेपर्यंत रोज तीन-चार वेळा तपासा. डोस, जेवण, मूत्रपिंड सगळं ठीक असूनही इन्सुलिनची गरज आठवड्यागणिक घटत असेल तर थायरॉइड आणि अॅड्रिनल ग्रंथींची तपासणी करून घ्यायला हवी.

आता आशेचा भाग. हरवलेली जाणीव बऱ्याच जणांत परत येते. त्यासाठी औषध नाही, पण उपाय आहे : दोन ते तीन आठवडे शुगर एकदाही ७० च्या खाली जाऊ द्यायची नाही. एकदाही म्हणजे एकदाही, कारण मधल्या एका लो शुगरने घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. एवढ्या अवधीत खबर मिळण्याचा आकडा वर सरकायला लागतो, पूर्ण सुधारायला काही महिने लागू शकतात. ज्यांचा मधुमेह फार जुना आहे आणि मज्जातंतूंना इजा झालेली आहे, त्यांच्यात सुधारणा अर्धवट राहते, पण धोका तरीही कमी होतो. या काळात डॉक्टर मुद्दाम उद्दिष्ट सैल करतात, जेवणाआधी साधारण १०० ते १५०. अनेक रुग्ण इथे अडतात. वर्षानुवर्षं "शुगर कमी ठेवा" ऐकलेल्याला १४० बघवत नाही आणि तो गुपचूप दोन युनिट जास्त घेतो. वडिलांना स्पष्ट सांगा की हे काही आठवड्यांचं १४० त्यांचे डोळे किंवा किडनी बिघडवणार नाही, पण पुढची ४० जिन्यात पाडू शकते. या वयात, इतर आजार असताना, तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा (HbA1c, तो टक्क्यांत असतो) ८ च्या आसपास ठेवणंही अनेकदा योग्य ठरतं. सरासरी ६.५ आली म्हणून खूश होऊ नका. ती ४८ आणि २९० ची बेरीजही असू शकते.

या आठवड्यांत दिवसातून किमान चार वेळा तपासणी हवी : सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी पाचला, झोपताना. दंडाला चिकटवायचा सेन्सर परवडत असेल तर या माणसासाठी तो खरोखर उपयोगी आहे, कारण हरपलेल्या जाणिवेचं काम त्याचा अलार्म करतो. कमी शुगरचा अलार्म ७० ऐवजी ८० ला लावा. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. सेन्सर रक्तातला नव्हे तर त्वचेखालच्या द्रवातला आकडा दाखवतो, तो रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असतो, म्हणून साखर दिल्यावर सुधारणा बोटाच्या रक्तानेच बघा, सेन्सर अजून खालीच दाखवेल आणि तुम्ही पुन्हा जास्त द्याल. दुसरं म्हणजे सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो.

जाणीव किती हरवली आहे हे मोजायला एक साधा प्रश्न वापरतात : "शुगर कमी व्हायला लागली की तुम्हाला कळतं का?" १ म्हणजे नेहमी कळतं, ७ म्हणजे कधीच कळत नाही. ४ किंवा त्याहून वरचं उत्तर आलं तर जाणीव घटलेली समजायची. वडिलांना आज विचारा, आकडा तारखेसह लिहा, आणि महिन्याने पुन्हा विचारा. शेजारी आईचं किंवा रोज सोबत असणाऱ्याचं उत्तरही वेगळं लिहा. दोन्हींत तफावत असेल तर सोबत असणाऱ्याचं खरं धरा.

जाणीव परत येईपर्यंत वडिलांनी गाडी चालवू नये. नंतरही गाडीत बसण्याआधी शुगर ९० च्या वर असल्याची खात्री, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी तपासणी, आणि वाटेत शुगर उतरलीच तर बाजूला थांबून, साखर घेऊन, आकडा ९० च्या वर आल्यावर आणखी ४५ मिनिटं थांबायचं. आकडा सावरला तरी मेंदूची चपळाई यायला तेवढा वेळ लागतो.

डॉक्टरांकडे जाताना नुसते आकडे नेऊ नका. प्रत्येक लो शुगरची एक ओळ लिहा : तारीख, वेळ, आकडा, शेवटचं इन्सुलिन कधी आणि किती, शेवटचं जेवण कधी आणि नेहमीपेक्षा किती कमी, दिवसभरात काय जास्तीचं काम, काय जाणवलं, काय दिलं, १५ मिनिटांनी किती. परवाच्या ४८ ची ओळ आजच लिहून काढा, आठवण ताजी असताना. "काय जाणवलं" या रकान्यात "काहीच जाणवलं नाही" हे शब्द असेच्या असे लिहा आणि तपासणीच्या सुरुवातीलाच तो रकाना दाखवा. डोस कमी करायचा की नाही, हे त्यावरूनच ठरणार आहे.